लागू नसेल ते खोडावे

"तुम्ही कवी माणूस. मग हे कंपन्यांत जाऊन ट्रेनिंगबिनिंग कशाला देता?"

हे मला कविसंमेलनांत विचारतात. कंपन्यांत ह्याच प्रश्नाची उलटी बाजू येते: "सर, तुम्ही ट्रेनर, मग हे कवितेचं कधीपासून?" दोन्हीकडे समजूत अशी की एक माझं खरं काम आणि दुसरं पोटापाण्याचं. कुठलं कुठलं, त्यावर मात्र एकमत नाही. आता हाच प्रश्न तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पोटापाण्याचं उत्तर सोपं आहे. कवितेला शाल मिळते, श्रीफळ मिळतं, क्वचित पाकीट. श्रीफळाची चटणी होते. शालींचं काय करायचं, ते ठाण्याच्या हवेत राहणाऱ्या कुठल्याही कवीला विचारा.

पण ते अर्धंच उत्तर झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी गडहिंग्लजला जावं लागेल.

माझी आजी तिकडची. कोल्हापूरकडच्या बायका "मी जातो", "मी जेवलो" असंच बोलतात, आणि तिथे त्यात कुणाला काही वाटत नाही. आजी नऊवारीचा काष्टा घट्ट करून म्हणायची, "मी रानात जाऊन येतो, दूध ऊतू गेलं तर बघ." मे महिन्याच्या सुट्टीत मीही तसंच बोलायचो. मी आलो. मी दमलो. मी नाही जेवत जा. जूनमध्ये ठाण्याला परतलो की पहिल्याच आठवड्यात शाळेतल्या बाई दुरुस्ती करायच्या: "जातो नाही, जाते. मुलगी आहेस ना तू?" वर्ग हसायचा, पण गावठी बोलण्याला हसायचा. गावाकडची सवय, एवढ्यावर माझी सुटका व्हायची. खरं कारण सांगायची वेळच यायची नाही, आणि तेव्हा ते सांगायला माझ्याकडे शब्दही नव्हता. आता आहे. मी पारलिंगी, म्हणजे ट्रान्स, पुरुष आहे. जन्माच्या दाखल्यावर मुलगी लिहिलं होतं, एवढीच गोष्ट. वर्तमानपत्रं "तृतीयपंथी" लिहितात. पंथच विचाराल तर आमच्या घरात वारकरी.

इंग्रजीत "आय वेन्ट" म्हणून माणूस निसटतो. मराठीत "मी" म्हटलं की पुढच्याच वळणावर क्रियापदाची नाकाबंदी. मग चोरवाटा शोधाव्या लागतात. "गेलो" नको आणि "गेले"ही नको, तर "माझं जाणं झालं". "जेवलो-जेवले"च्या जागी "मी भात खाल्ला". तिथे क्रियापद भाताचं ऐकतं, माझं नाही. भविष्यकाळ सगळ्यात निर्धोक. जाईन, करीन, बघीन. कॉलेजात लिहिलेल्या माझ्या पहिल्या चाळीसेक कविता अशाच आहेत: भात खाल्ला, दार लावलं, उद्या बघीन. नौपाड्यातल्या एका छोट्या वाचनात एक ज्येष्ठ कवी मनापासून म्हणाले, "तुमच्या कवितेत कर्ता जवळजवळ अदृश्य आहे. ह्या वयात एवढी अलिप्तता दुर्मीळ." मी मान खाली घालून थँक्यू म्हटलं. अलिप्तता कसली, व्याकरणाच्या आडोशाला लपलो होतो.

कॉलेज वाशीला होतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जायचो. हो, नाव तेच आहे. 2004 मध्ये ही लाइन सुरू झाली तेव्हा नाव ठेवणाऱ्यांच्या डोक्यात खाडी होती, मी नव्हतो. मी लेडीज डब्यात चढायचो. केस बारीक कापले त्याच्या दुसऱ्या दिवशी दाराजवळ उभा होतो. मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत बसलेल्या एका बाईंनी मान वर केली आणि डबाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ओ दादा, लेडीज आहे, दिसत नाही का?" बाकीच्या वळल्या. ऐरोली गेलं होतं. रबाळं येईपर्यंत मी दाराच्या दांड्याला धरून बाहेर बघत होतो, कारण तोंड आत वळवलं असतं तर हसू दिसलं असतं. आयुष्यात मला कुणी बरोबर हाक मारली ती पहिल्यांदा, आणि तीही खेकसून. रबाळ्याला उतरलो आणि शेजारच्या जनरल डब्यात चढलो. तिथे बसायला जागा नव्हती, हेही सांगायला हवं.

नाव बदलायचं ठरवलं तेव्हा कोर्ट नाक्यावर एका टायपिंगवाल्यांनी छापील प्रतिज्ञापत्राचा नमुना पुढे सरकवला. "मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो/सांगते की..." आणि खाली बारीक अक्षरांत: लागू नसेल ते खोडावे. ते चष्मा कपाळावर चढवून चहा पीत होते. म्हणाले, "खोडा काय ते, मग टाइप करतो." त्यांना घाई होती. मला तेवीस वर्षं लागली होती. त्या रात्री जी कविता लिहिली, तिच्या चार ओळी अशा:

तिरक्या रेघेच्या अलीकडे मी,
पलीकडे तेवीस वर्षं वापरलेलं क्रियापद.
खोडताना ते एवढंच म्हणालं, जपून,
कागद फाटेल.

ही कविता एका कार्यक्रमात वाचली, तिथे ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीच्या एचआरमध्ये काम करणाऱ्या एक बाई होत्या. "आमच्याकडे येऊन हेच बोलाल का?" म्हणाल्या. हेच बोललो नाही, कारण तिथे पारलिंगी सहकाऱ्यांशी कसं बोलावं, ह्यावर परदेशी ऑफिसातून आलेल्या इंग्रजी स्लाइडी आधीच तयार होत्या. ही, शी, दे. सहाव्या मजल्यावरच्या गारठ्यात पन्नास जण बसलेले, सगळे माना डोलावतायत. चहाच्या सुट्टीत तेच पन्नास जण मराठीत बोलायला लागले आणि अर्ध्या मिनिटात कुणीतरी मला "मॅडम, तुम्ही छान बोलल्या" म्हणून गेलं. स्लाइडींमध्ये सर्वनामं होती. मराठीचा घोळ पोचतो थेट क्रियापदापर्यंत.

तेव्हापासून मी स्लाइडी स्वतः लिहितो. मराठीत सोय आहे, फक्त वापरायची अक्कल हवी. "तू आलास" आणि "तू आलीस" ह्यात ठेच लागते; "तुम्ही आलात" ह्यात पुरुष नाही, बाई नाही, नुसता पाहुणा आहे. अहो-जाहो करा, अर्धं काम तिथेच होतं. "तुम्ही विचारलंत" हेसुद्धा त्यातलंच. (मघाच्या त्या "बोलल्या"चं "बोललात" झालं असतं तर निम्मी अडचण संपली असती. उरलेली निम्मी "मॅडम"ची.)

आणि माझी एक अट असते: गेटवरचे गार्ड आणि हाउसकीपिंगची माणसं सेशनला हवीत. ते कंत्राटावर असतात, त्यामुळे त्यांना बोलावण्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. पण पारलिंगी माणूस नोकरीच्या पहिल्या दिवशी व्हाइस प्रेसिडेंटला भेटत नाही. त्याला पहिला भेटतो तो गार्ड, हातात मेटल डिटेक्टर, बायकांची रांग डावीकडे आणि पुरुषांची उजवीकडे. ह्या अटीपायी दोन कामं गेली. जाऊ देत.

प्रश्न ठरलेले असतात. पहिला संडासाचा. "कवी माणूस संडासावर काय बोलतो?" असं एकांनी मला विचारलं होतं. बोलतो, कारण दिवसभर पाणी न पिता काम करणारी माणसं मला माहीत आहेत. मीही त्यांतलाच होतो. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यात नोकरीत आणि बढतीत भेदभाव करू नये, असं कलम 9 आहे, प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमावा, असं कलम 11 आहे, आणि 2020 च्या नियमांत तर सर्वांना वापरता येईल अशा स्वच्छतागृहाचा सरळ उल्लेख आहे. तक्रार अधिकारी कोण, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांकडे बघतात. दुसरा प्रश्न, "ऑपरेशन झालंय का?" मी विचारतो, "कशाचं, हर्नियाचं?" हशा पिकला की मग सांगतो: शस्त्रक्रियेची सक्ती करणं बेकायदा आहे, असं सुप्रीम कोर्टाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात लिहून ठेवलंय. त्या खटल्यात किन्नर कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी होत्या, आमच्या ठाण्याच्याच. त्यांचं नाव घेतलं की हॉलमध्ये ओळखीची कुजबूज होते आणि सगळे माझ्याकडे नव्याने बघतात. साडी शोधत असावेत. लक्ष्मींमुळे ह्या शहराला एक दार उघडलेलं दिसलं, हे खरं. पण त्या दारातून दाढीवाला माणूसही येऊ शकतो, हे अजून समजावून सांगावं लागतं.

पारलिंगींच्या हक्कांच्या आंदोलनाबद्दलही विचारतात. मोर्च्यात माझ्याकडे फलक लिहायचं काम असतं, अक्षर बरं आहे म्हणून. बाकी रविवारी घरी तिघं-चौघं येतात, जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या पारलिंगी ओळखपत्राचे ऑनलाइन अर्ज भरतो. आधारवर एक नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, पीएफला तिसरं स्पेलिंग. त्यात वीररस नाही. चहा दोनदा होतो.

महाप्याच्या एका कारखान्यात मात्र मला माझी स्लाइड बदलावी लागली. कॅन्टीनमध्ये सेशन, मागे भांडी घासल्याचा आवाज. पॅकिंगचे एक जुने ऑपरेटर उठले, कोल्हापूरकडचेच वाटले. म्हणाले, "आमच्या लायनीला एक पोरगं हाय. पोरगी म्हणून लागलं, आता केस कापलंय, नाव दुसरं सांगतंय. मी आधी 'अगं' म्हणायचो, तर त्याचं तोंड पडायचं. 'अरे' म्हणून बघितलं, तर बाकीची हसाय लागली. आता नुसतं 'ए' म्हणतो. 'ए, चहा घे.' चालतंय न्हवं?"

कॅन्टीनमधल्या निम्म्या माना एका टेबलाकडे वळल्या. चूक माझी होती. कुणा एका माणसाबद्दलचे प्रश्न एकट्यात विचारा, हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. घाईने पुढची स्लाइड लावली, ती नेमकी तक्रार अधिकाऱ्याची निघाली. पण माझ्या बत्तीस स्लाइडींत "अरे" आणि "अगं" कुठेच नव्हते. मराठी माणूस दिवसातून शंभर वेळा ज्या शब्दाने दुसऱ्याला मुलगा किंवा मुलगी ठरवतो, तोच मी विसरलो होतो. आता तो पहिल्या स्लाइडवर आहे. नंतर त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "'ए' छान आहे. पण एकदा त्यालाच विचारा, काय म्हणू म्हणून." ते म्हणाले, "विचारतो की. त्यात काय."

मग गेटपर्यंत सोडायला आले आणि तिथे खरं काम काढलं. "तुम्ही कविता करता म्हणं. आमच्या स्टोअरच्या बाई शुक्रवारी रिटायर होतायत. चार ओळी द्या लिहून. यमक जुळलं पाहिजे हां. ते तुमचं बिनयमकाचं नको." मी तिथेच गार्डच्या टेबलावर, व्हिजिटर पासच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. शेवटची ओळ होती, "आज मी निघाले, ठेवा आठवण."

त्यांनी वाचलं आणि "निघाले"वर बोट ठेवलं. "असं न्हाई बोलत त्या. कागलच्या हायत. 'निघालो' करा."

मी खोडलं आणि "निघालो" केलं. आयुष्यात पहिल्यांदा एका बाईच्या तोंडी ते क्रियापद लिहीत होतो, आणि कुणी हसत नव्हतं. शुक्रवारी बाईंनी ती कविता कॅन्टीनमध्ये स्वतः वाचली म्हणे. पुढच्या सेशनला गेलो तेव्हा गेटवरच्या गार्डने माझ्या नावाचा पेढ्यांचा बॉक्स काढून दिला. अर्धा किलोचा होता. त्यातले दोन कमी होते.