दिवाणखान्यातलं कोर्ट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या नौपाड्यातल्या घरी कोर्टच तीन मजले चढून आलं. रंगकाम झाल्यावर जेवणाच्या टेबलासमोरची भिंत मोकळी दिसायला लागली, म्हणून मी टिळकांच्या १९०८च्या खटल्याचं चित्र आणलं. कॅनव्हासवरची छापील प्रत, तीन फूट बाय दोन. आई म्हणाली, "घास घेताना समोर न्यायाधीश कशाला रे? एखादा गणपती आणायचास."

चित्रात टिळक पिंजऱ्यात उभे, वर न्यायमूर्ती दावर. हेच दावर १८९७च्या खटल्यात टिळकांचे वकील होते. चित्रकाराने त्यांची नजर समोरच्या कागदांत घातली आहे, टिळकांकडे बघूच दिलेलं नाही. तेवढ्यासाठी मी त्याला बाकीचं माफ केलं. बाकीचं म्हणजे, ज्यूरीत त्याने मोजून बारा डोकी बसवली आहेत. होते नऊच, सात युरोपियन आणि दोन पारशी, आणि कौलही सात विरुद्ध दोन असाच पडला. खिडकीतून तर छान ऊन आलंय. सहा वर्षांची शिक्षा सुनावली २२ जुलैच्या रात्री. मुंबईत, जुलैत, रात्री ऊन!

बाबांना यातलं काहीच खटकलं नाही. ते ठाणे कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. मधल्या बोटाला पेनाचा घट्टा अजून आहे. चष्मा कपाळावर सरकवून ते चित्राला नाक लावून उभे राहिले. "लिहिणारा कुठाय?"

"कोण लिहिणारा?"

"अरे, टिळक एकवीस तास बोलले. दिवसच्या दिवस. ते उतरवून कोणी घेतलं, दावरांनी?"

पिंजऱ्याखाली टेबलाची कड दिसत होती, टेबलाशी माणूस नव्हता. बाबांनी चित्र खिळ्यावरून उतरवून पालथं केलं. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणताना फ्रेमवाल्याने कडेची चार बोटं मागे दुमडून ठोकली होती. त्या पट्टीत कारकून सापडला. वाकलेली मान, दौत, अर्धा भरलेला कागद आणि कोपरातून आरपार गेलेली पिन.

चित्र परत फ्रेमवाल्याकडे गेलंय. तो म्हणाला, शनिवारी देतो. तीन शनिवार झाले. भिंतीवर नुसता खिळा आहे, आणि बाबा चहा पिता पिता रोज विचारतात, "काय, पुढची तारीख पडली का?"