तीनचं घेतलं, मग सव्वादोनच काऊन?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसा हा प्रश्न मला पारावर, लग्नाच्या पंगतीत, कृषी केंद्रात, सगळीकडे गाठतो. "भाऊ, तीन किलोवॅटचं सोलर बसवलं न् भर मे महिन्यात मोबाईलवर सव्वादोनच दिसते. फसवलं का आपल्याले?"

नाही फसवलं. प्लेटवर छापलेला आकडा चाचणीतला असतो. तिथं चौरस मीटरला 1000 वॅट ऊन धरतात आणि प्लेटचं तापमान 25 अंश. आमच्या यवतमाळकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, 25 अंश पहाटे चारलाही नसतात! हवा 45 वर गेली की प्लेट 65-70 ला पोचते, आणि 25 च्या वर दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते. पंधरा टक्के तिथंच गेले. मग धूळ, वायर आणि प्लेटांची वीज घरच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर आपापला वाटा काढतात.

एकदा भर दुपारी मी पाइप घेऊन प्लेटांवर पाणी मारलं. 2.2 चा आकडा चढत चढत 2.5 झाला, पोरांनी टाळ्या पिटल्या. पुन्हा नाही केलं. तापलेली काच तडकली तर? आता सकाळी सहालाच धुतो.

राहिलं किती बसवायचं ते. दुपारचा आकडा सोडा, लाईट बिलावरचे बारा महिन्यांचे युनिट जोडा. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट देतो. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलात जास्त. आमचे वर्षाचे 2600 भरले, त्यातही कूलरनंच अर्धे खाल्ले. म्हणजे दिवसाला सातेक, दोन किलोवॅट पुरत होतं. पण केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत दोनला 60 हजार अनुदान, तीनला 78 हजार. त्या वरच्या अठरा हजारांना भुलून मी तीन घेतलं, न् तिसऱ्या किलोवॅटला खिशातून त्याहून जास्त घातले.

आणि एक गोष्ट विकणारा आपणहून सांगत नाही. बॅटरी नसलेलं हे सोलर लाईन गेली की बंद पडतं. पडायलाच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या छतावरची वीज लागायची. गेल्या मे महिन्यात दुपारी दोनला लाईन गेली. घरची म्हणाली, "वर एवढं ऊन, न् खाली पंखा बंद?" मी इन्व्हर्टरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि वारा घालत बसलो.