तुम्ही विचारलंत म्हणून: बेल बंद झाल्यावर मोकळं वाटलं का?

"सहा वर्षं निवासी शाळेत काढलीत ना? मग बाहेर पडल्यावर किती मोकळं वाटलं असेल!" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता लिहूनच टाकते. विचारणारे दोन प्रकारचे. एक, ज्यांना शिस्तीचा तिटकारा आहे आणि मी शाळेला शिव्या द्याव्यात असं वाटतं. दुसरे आईबाप, ज्यांचं पोरगं हाताबाहेर चाललंय आणि त्याला अशाच कुठेतरी टाकायचा विचार सुरू आहे, त्यांना मी "छे हो, आयुष्य घडलं माझं" म्हणायला हवं असतं. दोघांचीही निराशा होते.

तर उत्तर. हो, मोकळं वाटलं, साधारण दहा-बारा दिवस.

आधी शाळेचं सांगते. पहाटे ५.२० ला बेल. घणघण वाजणारी घंटा नाही, इलेक्ट्रिक, भिंतीतूनच आल्यासारखी, आणि तिच्या आधी एक बारीक 'टक्' व्हायचं, त्या टक्ला जाग यायची. मग चादर. चादरीचा पायाकडचा कोपरा पाकिटासारखा दुमडायचा, दुमड चुकली तर आख्ख्या रांगेच्या चादरी ओढून खाली, म्हणजे चूक एकीची आणि काम पंधरा जणींना, आणि मग त्या पंधरा जणी तिच्याकडे कसं बघतात ते बघायला वॉर्डनबाईंना थांबावंसुद्धा लागायचं नाही. आंघोळीला सात मिनिटं, बाहेर घड्याळ घेऊन एक मोठी मुलगी. घरी पत्र रविवारी, पाकीट न चिकटवता द्यायचं. जिन्याखाली एक तक्रारपेटी होती, हिरवी, कुलूप लावलेली. तिची फट इतकी धुळीने भरलेली की कागद आत गेलाच नसता, पण कुणी घालूनही बघितला नाही.

मारहाण वगैरे काही नव्हतं हं. ते सांगायला हवं, कारण लोकांना लगेच तसलं काहीतरी वाटतं. बायका वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. त्रास वेगळाच व्हायचा. सुट्टीत घरी आले की मावशी विचारायची, "आज काय करायचं तुला?" साधा प्रश्न. आणि मी दाराकडे बघायचे. खरंच, उत्तर दारातून कुणीतरी घेऊन येणार असल्यासारखी. मावशीला वाटायचं पोरगी लाजते. लाजत नव्हते, आतून काही येतच नव्हतं. पुढे पहिल्या नोकरीत शेजारच्या टेबलवाल्याला मी "जरा जाऊन येऊ का?" असं विचारलं, तो म्हणाला "कुठे?", मी म्हटलं "बाथरूमला", तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला.

एर्विंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६१ च्या पुस्तकात अशा जागांना 'टोटल इन्स्टिट्यूशन' म्हटलंय. झोपणं, काम, खेळ सगळं एकाच छताखाली, एकाच अधिकाराखाली, सगळ्यांनी एकदम आणि ठरलेल्या वेळेला. त्याने मनोरुग्णालयात वावरून निरीक्षणं केली होती, पण त्याच्या यादीत तुरुंग, बराकी, मठ यांच्यासोबत निवासी शाळाही आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी इतक्या जोरात हसले की लायब्ररीत लोकांनी वळून बघितलं. त्याचं एक निरीक्षण मला अगदी आतलं वाटलं: बाहेर ज्या गोष्टींना कुणी 'निर्णय' म्हणणारही नाही, म्हणजे पाणी पिणं, फोन करणं, त्या तिथे परवानगीच्या होतात, आणि मोठं माणूस हळूहळू लहान होत जातं. आम्ही तर लहानच होतो, आम्ही कुठे जाणार होतो आणखी खाली.

आता दहा-बारा दिवसांनंतरचं.

भाड्याची एक खोली होती आणि घरबसल्या मजकूर तपासायचं काम. महिन्याला ठरलेली पानं द्यायची, कधी करायची ते कुणी विचारत नाही. स्वप्नच की. पहिले काही दिवस ५.२० ला आपोआप जाग यायची आणि मी मुद्दाम, सूड म्हणून, लोळत पडायचे. मग झोप सरकली. एक वाजता, तीन वाजता, मग उजाडताना. आंघोळ संध्याकाळी, मग उद्या. नवव्या महिन्यात एका दुपारी दाराशी कुणीतरी कुरिअर घेऊन आला, सही करून तारीख लिहायला सांगितली आणि मला तारीख येईना. वारही येईना. मी त्यालाच विचारलं. त्याने सांगितलं आणि जाताना एकदा वळून बघितलं, ते बघणं मला अजून आठवतं.

आणि आळस म्हणाल तर तो नव्हता. मला त्या काळात सगळंच करायचं होतं. गिटार आणली, एक परकी भाषा सुरू केली, दोन कोर्स, एका मैत्रिणीसोबत धंद्याचा प्लॅन, आणि प्रत्येक गोष्ट सुरू केली की दुसरी जास्त बरी वाटायची. काही मिळालं तरी पुरेसं वाटेना, कारण 'पुरेसं' कुठे लिहिलेलंच नव्हतं. शाळेत निदान चादर झाली की झाली.

याच्यावर एमिल दुर्खाईम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली लिहून ठेवलंय. पुस्तक आत्महत्येवरचं आहे, आणि त्याचा विषय एकट्या माणसाचं दुःख हा नाहीये, समाजाची पकड सैल किंवा घट्ट झाली की माणसांचं काय होतं हा आहे. त्याने एक गंमत पकडली (गंमत म्हणू नये, पण). १८७३ ला व्हिएन्नात आणि १८८२ ला पॅरिसमध्ये शेअर बाजार कोसळला, आणि आत्महत्या वाढल्या, ते कुणालाही पटेल. पण तो म्हणतो भरभराट अचानक आली तरी वाढतात. मग गरिबी हे कारण कसं धरणार? त्याचं म्हणणं, दोन्ही वेळा माणसाच्या हातातलं मापच मोडतं. आपल्यासारख्याने किती मागावं, कशात समाधान मानावं याचा जो अंदाज समाज न बोलता देत असतो तो जातो, आणि मग हाव म्हणा, इच्छा म्हणा, तिला बूडच राहत नाही. या अवस्थेला तो अ‍ॅनॉमी म्हणतो, शब्दशः नियम नसणं. त्याच्या आकड्यांवर नंतर बरीच टीका झाली आणि ती रास्तही आहे, सरकारी नोंदींवर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न आहेच. पण ते बूड नसण्याचं वर्णन वाचताना मला माझी कोपऱ्यातली गिटार दिसत होती.

राग एकाच गोष्टीचा आला. सैल बाजूवर त्याने आख्खं प्रकरण लिहिलंय, आणि अति घट्ट बाजू, जिथे शिस्तीनेच माणसाचा पुढचा रस्ता बंद होतो, ती त्याच प्रकरणाच्या शेवटी एका तळटीपेत. त्यात उदाहरणं म्हणून गुलाम येतात, फार लहान वयात लग्न झालेले नवरे येतात, मूल नसलेल्या विवाहित बायका येतात, आणि वर तो म्हणतो की आजच्या काळात याला फारसं महत्त्व नाही. गुलामगिरी फ्रान्सच्या वसाहतींतून १८४८ ला संपली, पुस्तकाच्या जेमतेम पन्नास वर्षं आधी! एवढ्या हुशार माणसाला हे दिसू नये? की घट्ट बाजूची माणसं बोलतच नाहीत, म्हणून ती पुस्तकातही कडेलाच राहतात? मला दुसरं जास्त खरं वाटतं. आमच्या सहा वर्षांतून शाळेविरुद्ध एक ओळ बाहेर गेली नाही.

"म्हणजे मध्यम मार्ग," असं इथे लोक लगेच म्हणतात. अभ्यासही तसंच दाखवतात. मिशेल गेलफँड ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३३ देशांत समाजाचे नियम किती कडक आणि किती सैल हे मोजलं होतं, आणि पुढे २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं की दोन्ही टोकांच्या देशांत लोक मधल्यांपेक्षा कमी सुखी आहेत. मी ते मानते. पण एका माणसाच्या आयुष्याला हे कसं लावायचं? माझी शाळेची सहा वर्षं आणि नंतरचं ते वर्ष-दीड वर्ष यांची सरासरी काढली तर आकडा झकास येईल, मी मात्र दोन्हीकडे बिघडलेलीच होते.

मला जे कळलं ते तिसऱ्या ठिकाणी, आणि तेही भांड्यांमुळे. खोलीत एकटीने राहणं जमेना म्हणून आम्ही सहा जणांनी मिळून एक फ्लॅट घेतला. सगळे कुठून ना कुठून जाच सोसून आलेले, त्यामुळे पहिल्याच रात्री ठराव झाला: इथे नियम नाहीत. टाळ्या वगैरे वाजवल्या. तिसऱ्या महिन्यात परिस्थिती अशी की सिंकमध्ये भांडी नळाला टेकलेली, घासायचे दोघंच, आणि गंमत म्हणजे (ही खरोखर गंमत) घरात काय चालतं आणि काय नाही ते बरोब्बर एक जण ठरवत होता. ज्याचा आवाज मोठा आणि ज्याला रुसता छान यायचं. त्याला पाहुणे चालले की चालायचे. त्याला झोप आली की घर झोपायचं. वॉर्डनबाईंना निदान 'तुम्ही वॉर्डन आहात' असं म्हणता यायचं, याला काय म्हणणार, तो तर आपल्यासारखाच मोकळा माणूस! जो फ्रीमन नावाच्या अमेरिकन कार्यकर्तीने १९७० च्या सुमारास स्त्रीमुक्तीच्या गटांबद्दल हेच सांगितलं होतं, की रचना नाही असं म्हटल्याने रचना जात नाही, ती फक्त लपते, आणि लपलेली सत्ता कुणाला जाब देत नाही. मी ते फार उशिरा वाचलं. आधी वाचलं असतं तर भांडी कमी घासली असती.

शेवटी एकीने फ्रीजवर कागद लावला. वारानुसार नावं, पाहुण्यांबद्दल दोन ओळी, आणि खाली चक्क लिहिलेलं की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कागद काढायचा आणि परत लिहायचा. मोठ्या आवाजवाल्याने थयथयाट केला, 'हॉस्टेल करताय का' म्हणाला. मला त्या वेळी कळेना की मला त्या कागदाचा त्रास का होत नाहीये. मी तर वेळापत्रक बघितलं की पोटात गोळा येणारी. पण या कागदावर खाडाखोड होती. माझा बुधवार मी स्वतः खोडून शुक्रवार केला होता, माझ्या अक्षरात. तो शुक्रवार मी कधी चुकवला नाही, आणि शुक्रवार आहे हे मला न विचारता कळायला लागलं.

एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांचा १९७६ चा वृद्धाश्रमातला प्रयोग मला म्हणूनच जवळचा. एका मजल्यावरच्या आजीआजोबांना सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा, आणि हवी असेल तर एक कुंडी घ्या, पाणी तुम्ही घालायचं. दुसऱ्या मजल्यावर गोडच बोलले, आम्ही तुमची काळजी घेऊ, आणि कुंडीही दिली, पण पाणी नर्स घालणार. पुढच्या आठवड्यात एक सिनेमा दोघांनाही, फक्त पहिल्यांना वार निवडायला दिला. काही आठवड्यांत पहिले लोक जास्त हिंडते-फिरते आणि खुश दिसले. प्रयोग छोटा होता, त्यावर सगळं जग उभारू नये. पण बघा ना, इमारत तीच, जेवणाच्या वेळा त्याच, दारं रात्री त्याच वेळी बंद होणार. कुणी त्यांना मोकळं सोडलं नव्हतं. कुंडीपुरतं त्यांच्यावाचून अडत होतं, एवढंच.

आज माझी दिनचर्या जवळजवळ शाळेसारखी आहे, लोक हसतात. साडेपाचला उठते, नऊला टेबलावर. पण त्यात दर काही महिन्यांनी मी खाडाखोड करते, कधीकधी नुसतं करता येतं का हे बघायला. चादर मात्र आजतागायत दुमडलेली नाही, ते माझ्याच्याने होणार नाही.

आणि आईबापांना मी आता एवढंच सांगते की शाळेत गेलात तर बेल किती वाजता हे विचारू नका, ते माहितीपत्रकात असतं. विचारा की एखाद्या मुलीला एखादा नियम जाचला तर ती कुणाला सांगते, आणि गेल्या वर्षभरात कुणाच्या सांगण्यावरून काय बदललं. एक उदाहरण मागा. मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका ताईंनी खरंच जाऊन विचारलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, आवाजात केवढा तरी दिलासा. म्हणाल्या, "अगं, फार चांगली शाळा आहे, त्यांच्याकडे म्हणे आजवर एकही तक्रार आलेली नाही."

मी विचारलं, "पेटी कुठे लावलीये, बघितलीत का?"