मुद्देमालावर बसून कोर्टात

"सायकल मिळाली ना परत? मग अजून कोर्टाचे हेलपाटे कशाला घालता?" ठाण्याजवळच्या येऊरच्या चढावर सायकल मारताना दर दोन-तीन रविवारी कुणीतरी हे विचारतंच. चढावर उत्तर द्यायला श्वास पुरत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता बसून सांगतो.

2023 च्या पावसाळ्यात उपवन तलावाच्या कठड्याला साखळी लावून चहा प्यायला गेलो. ग्लास रिकामा होईस्तोवर साखळी जमिनीवर आणि सायकल गायब. पोलिसांनी विचारलं, "गाडीचा नंबर?" सायकलला कुठला आलाय नंबर! पूर्वी कितीतरी गावांत नगरपालिका सायकलला बिल्ला द्यायच्या, तेही इतिहासजमा झालं. उरतो तो फ्रेम नंबर, पेडलच्या मधल्या सांध्याखाली ठोकलेला, कायम चिखलाने माखलेला. माझा तो बिलावर होता आणि बिल होतं बायकोच्या फायलीत. "नुसता अर्ज देऊन जा" वरून गाडी एफआयआरवर आली ती त्या कागदामुळे.

दोन महिन्यांनी एक पोरगा पकडला गेला. त्याने दाखवलेल्या भंगाराच्या गाळ्यातून पाच सायकली निघाल्या. फिर्यादी तिघेच. उरलेल्या दोघींबद्दल कुणी तक्रारच केली नव्हती. त्या पोलीस ठाण्याच्या आवारात उभ्या होत्या, एकीच्या हँडलला पिवळ्या बदकाची घंटी. मी उगाच एकदा वाजवली. आतून हवालदारांनी मान वर करून पाहिलं.

माझी सायकल सुटली ती अर्ज करून, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 451 खाली. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की जप्त वाहनं पोलीस ठाण्यात गंजत ठेवू नका; पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि सोडा. त्याचाच आधार घेतला. बंधपत्रात मी लिहून दिलं की सायकल विकणार नाही, रंगरूप बदलणार नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करीन. म्हणजे सायकल माझ्या घरात, पण कागदावर अजून मुद्देमाल. चोराने की भंगारवाल्याने कुणास ठाऊक, माझी चांगली सीट काढून एक दगडी सीट बसवली होती. पंचनाम्यात तीच आहे. बदलायची तर पुन्हा अर्ज. वकील मित्र म्हणाला, "सोस थोडं."

तर कशाला जातो? हातात माल सापडला की खटला जिंकलाच, असा माझाही समज होता. पण "ही सायकल याच माणसाची" हे शपथेवर सांगायला फिर्यादीच उभा राहिला नाही, तर चोरी झाली हेच सिद्ध व्हायची पंचाईत. समन्स जातं, तारीख पडते, पुन्हा समन्स, आणि शेवटी पुराव्याअभावी सगळे निर्दोष. आमच्यातला एक फिर्यादी पुण्याला गेला. दुसऱ्याने सांगितलं, "सायकल मिळाली, आता रजा कोण वाया घालवणार?" त्याला दोष देत नाही. तिघांचे खटले वेगळे, तारखा वेगळ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. आम्ही येऊरला सायकल मारणारे चौघं त्या तारखा वाटून घेतो आणि फिर्यादींना आदल्या रात्री फोन करतो. कोर्ट खुलं असतं, कुणीही मोबाइल बंद करून मागच्या बाकावर बसावं.

माझ्या साक्षीच्या दिवशी मी मुद्देमाल चालवतच कोर्टनाक्याला गेलो. पट्टेवाल्याने पुकारा केला, सायकल आत घेतली. बचावाच्या वकिलांनी गोड आवाजात सुरुवात केली, "अशा रंगाच्या सायकली बाजारात शेकड्याने मिळतात, खरं ना?" खरं. "म्हणजे रंगावरून ही तुमचीच, असं सांगता येणार नाही?" रंगावरून नाही. मग सायकल उलटी केली. लिपिक आकडे मोठ्याने वाचू लागले आणि शेवटून दुसऱ्यापाशी अडले: तीन की आठ? बिलावर आठ. माझ्या पोटात गोळा. न्यायाधीश मॅडमनी रुमालाने पुसायला सांगितलं. सकाळी धुवून आणलेली सायकल, पण वाटेत कॅडबरी नाक्यापाशी एका खड्ड्याने घात केला होता. पुसलं. आठच. खात्री करायला वकील जवळ आले, चेनला हात लागला आणि परत बसताना त्यांच्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडवर ग्रीसचं बोट उमटलं. त्यापुढे त्यांनी रंगाचा विषय काढला नाही.

पोरावर माझा राग उरलेला नाही. पहिलाच गुन्हा असेल तर तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडणारा 1958 चा परिवीक्षा कायदा आहे, मॅडमनी तो लावला तर मला बरंच वाटेल. 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तर पहिल्यांदाच सापडलेल्याने पाच हजारांच्या आतला माल किंवा त्याची किंमत परत केली की समाजसेवेची शिक्षा आहे. आमची चोरी आधीची, म्हणून जुन्या दंड संहितेचं चोरीचं कलम 379. त्यात मालकाला तडजोडही करता येते, आणि पोराच्या आईने बाहेरच्या बाकावर मला तसं विचारलंही. मी हो-नाही काहीच बोललो नाही, कारण माझं लक्ष दुसऱ्या आरोपीवर आहे. भंगारवाल्यावर कलम 411 आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असून घेणं, हा तो गुन्हा. त्याचं म्हणणं, "मला काय ठाऊक?" अठ्ठावीस हजारांची सायकल रात्री दहा वाजता पंधराशेला दारात येते, एकदा नव्हे, पाचदा. यापेक्षा मोठं कारण कुठलं हवं? पोरगा आत गेला तर गाळ्यावर दुसरा पोरगा येईल. गाळा तोच राहील.

पुढची तारीख गुरुवारी, गाळ्यातल्या जप्तीच्या पंचाची साक्ष. मुद्देमालावर बसूनच जाणार आहे, दोन साखळ्या घेऊन. कोर्टाच्या दारातून तो पुन्हा चोरीला गेला तर बंधपत्राचं काय होईल, हे मी वकील मित्राला विचारलंय. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, नुसता तिसऱ्या साखळीचा फोटो पाठवलाय.