गाळून पास झालेलं इन्सुलिन

मे महिन्यात संभाजीनगरच्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये तक्रारीची एक व्हायल आली. गंगाखेडकडच्या केमिस्टकडून कंपनीकडं आणि तिथून आमच्याकडं. रेग्युलर इन्सुलिन पाण्यासारखं नितळ हवं; ह्यात पांढरे धागे तरंगत होते. सोबतच्या चिठ्ठीवर एवढंच: ‘साखर उतरत नाही.’

क्लायंटनं, म्हणजे कंपनीनं, चाचणी मागितली एकच, साइझ एक्सक्लूजन एचपीएलसी: नमुना द्रावणासोबत बारीक कणांनी भरलेल्या नळीतून (कॉलम) सोडायचा, रेणू आकारानुसार वेगळे होतात. मोठ्या रेणूंना मर्यादा 3 टक्के. नमुन्यात आम्ल घातलं, 0.45 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळलं, 276 नॅनोमीटरवर आलेखात देखणा उंचवटा, म्हणजे पीक (peak), आलं. पास.

पास होणारच की! मोबाइल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणात, अॅसिटिक अॅसिड आणि अॅसिटोनायट्राइल. सैल चिकटलेले रेणू त्यात सुटे होतात. ही पद्धत मुळात पक्क्या बंधानं जोडलेले डायमर (दोन रेणूंच्या जोड्या) वगैरे पकडायची. धागे आम्लालाही दाद देत नाहीत, ते फिल्टरमध्येच राहिले. टक्केवारी निघते ती कॉलममधून बाहेर आलेल्यांचीच. पिकाचा एकूण एरिया, म्हणजे बाहेर आलेलं इन्सुलिन, कंट्रोल सॅम्पलपेक्षा (तुलनेसाठीच्या चांगल्या नमुन्यापेक्षा) बराच कमी होता, तिकडं कुणी बघितलंही नाही. क्रोमॅटोग्राफीवाल्यांचा जीव पिकाच्या आकारात.

संध्याकाळी मी थायोफ्लेविन-टी लावलं. अमायलॉइड, म्हणजे घडी बिघडलेल्या प्रथिनांच्या, धाग्यांच्या खाचांत बसला की हा रंग चमकतो. 450 नॅनोमीटरला प्रकाश द्यायचा, 482 च्या आसपास मोजायचा. गाळलेला नमुना आणि त्याच बॅचचं कंट्रोल, दोन्ही जवळपास सपाट. न गाळलेला इतका चमकला की डिटेक्टरची संवेदनशीलता (गेन) उतरवावी लागली. डीएलएसच्या, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून बारीक कणांचा आकार मोजायच्या तंत्राच्या, वाटेला गेलेच नाही. धागे डोळ्यांना दिसतात तिथं ते तंत्र कुचकामी.

सर म्हणाले, “मॅडम, शास्त्र बरोबर आहे. पण ह्याचं बिल कुणाच्या नावावर फाडू?”

धागे झाले कुठं, हे मात्र ह्यातलं कुठलंच यंत्र सांगत नाही. उन्हात, मोटारसायकलच्या डिकीत हिंदकळून? की कुणाच्या फ्रीजमध्ये बर्फाला चिकटून गोठल्यानं? कंपनी पेशंटवर ढकलणार, हे ठरलेलं. फ्रीज नसलेल्या घरी व्हायल माठात ठेवतात म्हणून नाकं मुरडणारे आमच्यात पुष्कळ; पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या फळीपेक्षा माठ केव्हाही बरा.

रिपोर्टवर मी शेरा घातला: ‘नमुन्यात डोळ्यांना दिसणारे धागे, निकाल फक्त गाळलेल्या भागाचा.’ क्लायंटचा मेल आलाय, शेरा काढून रिपोर्ट परत पाठवा. सरांनी तो मला फॉरवर्ड केला, वर काहीच न लिहिता. मी सही केलेली नाही.