नव्वदीचे अल्बम, नोंद चौथी: झिजलेल्या फिती

मंडळी, मागच्या नोंदीला दीड महिना झाला. 62 पैकी 31 कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या. जुलैत हातच लावला नाही. वेंगुर्ल्यात भर जुलैत कॅसेट उघडून बसायचं म्हणजे बुरशीला पानावर बोलावण्यासारखं. कपाटात चाळीसचा बल्ब रात्रंदिवस जळतोय, तरी दोन कॅसेटच्या खिडकीतून पांढरी जाळी दिसतेच आहे. त्या वेगळ्या डब्यात टाकल्यात. एक बुरशीवाली कॅसेट डेकात गेली की पुढच्या चार जणींना प्रसाद मिळतो, हे मी पहिल्याच महिन्यात शिकलोय.

ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी बुरशीचं सांगतो. कवचाचे पाचही स्क्रू काढायचे आणि दोन्ही चकत्या नव्या कवचात बसवायच्या. मग मऊ कोरड्या कापडाच्या घडीतून फीत हलक्या हाताने एकदा इकडून तिकडे गुंडाळायची. हे काम पडवीत, तोंडाला फडकं बांधून. अल्कोहोल फक्त डेकच्या हेडला आणि रबरी चाकाच्या बाजूच्या दांडीला, फितीला नाही. ज्या कॅसेटना स्क्रूच नाहीत, कवच चिकटवलेलं आहे, त्यांना सांध्यावर पातळ सुरी. एकीची फीत मी अशीच कापली. कुठली, ते विचारू नका.

आता यादीबद्दल. पहिल्या नोंदीत मी आवडत्या दहा अल्बमची यादी दिली होती ती डोक्यातून. वर विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर', मग इंडियन ओशन बँडचा 'कंदिसा', मग '1942 अ लव्ह स्टोरी', लकी अलीचा 'सुनोह', असं करत करत दहाव्या नंबरावर उपकार केल्यासारखा 'गारवा'. ('कंदिसा' 2000 चा, तो नव्वदीत कसा, यावर ज्यांनी माझी सालं काढली त्यांना सांगतो: माझं दशक 1991 ते 2000. शतकाचा हिशोब करताना चालतं, मग इथे का नाही? हो, अल्बम सोडवेना म्हणून काढलेली पळवाट आहे ती.)

पण आता एकेक फीत डोळ्यांजवळ धरून बघतोय आणि यादीची लाज वाटायला लागलीय. भट्ट आणि कूडर यांची ती पहिल्या नंबरची कॅसेट कोरी करकरीत निघाली. दाबाची गादी जागच्या जागी, कवचावरची अक्षरं शाबूत, वाजवल्यावर हेडवर तपकिरी भुकटीचा कणही नाही. म्हणजे हा अल्बम मी आयुष्यात फार तर दहा वेळा ऐकलाय आणि शंभर वेळा लोकांना सांगितलाय. 1993 चा अल्बम, 1994 ला ग्रॅमी, तालमीशिवाय बसून वाजवलेला, कूडरचा चौदा वर्षांचा मुलगा डुंबेक या तालवाद्यावर, हे सगळं मला तोंडपाठ. शेवटी फिजीतलं निरोपाचं गाणं 'ईसा लेई' वाजतं, ते मात्र परवा पहिल्यांदा नीट ऐकलं. भट्टांची मोहनवीणा आणि कूडरची गिटार एकमेकांना पुढे जाऊ देत नाहीत की मागे राहू देत नाहीत. चांगला आहे हो अल्बम. पण माझा तो नव्हे.

माझा कुठला, ते फीत सांगते. 'गारवा'. कवचावरचं छापील नाव अंगठ्याने पुसून गेलंय. फितीची एक कड लाटेसारखी दुमडलीय, आणि वाजवली की तार स्वर गोधडीखालून आल्यासारखे. 1998 साली मी कोल्हापूरला होस्टेलवर होतो आणि या अल्बमची उघड टिंगल करायचो. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. कौलं गळतात, लाकडं पेटत नाहीत, वीज जाते ती परवा येते, आणि हे लोक पावसावर कविता म्हणतात! रात्री मात्र खोलीतले झोपले की हेच लावून पडायचो. सौमित्रचा बोलता आवाज आणि त्यातून हळूच उठणारं मिलिंद इंगळेंचं गाणं. बोलणं कुठे थांबलं ते कळायच्या आत चाल लागलेली असते. त्या वयात मला घरची आठवण येते हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

हेडचा कोन त्या छोट्या स्क्रूने कानाने जुळवला तेव्हा थोडा 'स'कार परत आला. तेवढाच.

'1942'चीही तीच गत, पण एकाच जागी. 'एक लडकी को देखा' जिथे सुरू होतं तिथे फीत ताणलेली आहे, रिवाइंड करून करून. 'जैसे'च्या 21 उपमा आहेत त्यात, मोजायला म्हणूनही ऐकलंय. जानेवारी 1994 मध्ये त्याचे संगीतकार पंचम, म्हणजे आर. डी. बर्मन, गेले आणि चित्रपट त्यानंतर आला. 'सुनोह' ठीक. 'कंदिसा' जवळजवळ नवी. पळवाट फुकट गेली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो यादीत नसलेल्या कॅसेटने. घरची सी-90, म्हणजे एका बाजूला 45 मिनिटं. 1996, देवळातली डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, बाबांनी टू-इन-वनवर टेप केलेली. सुरुवातीच्या रूपावलीपर्यंत सगळं ठीक, पुढे पुढे बुवांचा आवाज चढतच जातो. आधी वाटलं माझ्या डेकचा पट्टा बिघडला, नवा मागवला, तो चुकीच्या मापाचा आला, पंधरा दिवस गेले. मग ट्यूब पेटली. त्या रात्री सेल उतरत होते. रेकॉर्ड करताना फीत हळू फिरली, म्हणून आता वाजवताना ती पळते.

उपाय देवळातच होता. पेटी अजून तीच आहे. जाऊन बघितलं, बारी काळी दोनला धरलेली. कॅसेटच्या शेवटी तीच पेटी पांढरी तीनला पोचते, म्हणजे अर्धा स्वर, साधारण सहा टक्के. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये तुकडे पाडून प्रत्येकाचा वेग थोडा थोडा उतरवला. तासाला 635 एमबी या हिशोबाची फाइल, त्यात माझे चार रविवार. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज काढून टाकायचा फिल्टर लावून बघितला, तर झांज पण गेली. पाऊस ठेवला.

आई दारातून म्हणाली, "झिला, तुझो ह्यो पसारो आवर, गणपती तोंडार इले." मग तिथेच उभी राहिली. स्पीकरवर कुणीतरी खोकलं होतं. "ह्यो तुझो बापूस," म्हणाली, आणि खाली बसली.

गजराच्या ऐन भरात 45 व्या मिनिटाला फीत संपते. बाजू उलटायचं बाबा विसरले असणार, मागची बाजू कोरीच आहे. हिला यादीत कुठे बसवायची ते ठरलेलं नाही, आणि दशकाचा नियम काढून कुणी भांडू नये.

उरलेल्या 31 चतुर्थीनंतर. योग्य मापाचा पट्टा कुणाकडे जादा असेल तर कळवा.