ओटीजीची आंघोळ

दिवाळीच्या नानकटाईनंतर बंद झालेला आमचा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) काल रात्री उघडला. आत काय नव्हतं! पिझ्झ्यावरून ओघळलेल्या चीजचा कोळसा, तळाला तुपाचा चिकट तपकिरी थर, आणि काच अशी की आतलं काही दिसेल तर शपथ.

प्लग काढला, खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाटसर लेप केला, रॉड सोडून सगळीकडे थापला आणि झोपले. सकाळी वरून व्हिनेगर शिंपडलं. काय फसफसलं! (खरं काम रात्रभर सोड्यानंच केलेलं, व्हिनेगर म्हणजे नुसता तमाशा.) मग जुन्या एटीएम कार्डानं खरवडत बसले. कोपऱ्यातला एक डाग मात्र शेवटपर्यंत हटला नाही. राहू दे मेला.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "एवढ्यात दोन घरं सारवून झाली असती गं."

पण खरा घोळ पुढे. उत्साहाच्या भरात अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेही त्याच लेपानं माखून ठेवला होता. तो काळाठिक्कर! सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमचं जमत नाही हे बारावी सायन्सवालीला आज आठवलं. सध्या ट्रे लिंबाच्या पाण्यात उकळतोय, आणि लेक विचारतेय, "आई, आज पिझ्झा?"